वाघानं लावून दिलेली नोकरी

देवरावांनी त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या पंगतीत, अकरा माणसांदेखत, हातात पुरणाची पोळी असताना, एक गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी खरी सांगितली. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यांच्या गावी, पारशिवनीत तर हे सांगायचीही सोय नाही. देवरावांनी नुसतं ‘आज सोमवार’ म्हटलं तरी तिथली माणसं घरी जाऊन कॅलेंडर पाहतात.

दोष सगळा तुपाचा होता.

लांजेवारांच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला तूप कोणी वाढायचं हे ठरलेलं असतं. ज्यानं नोकरी लावून दिली, त्याच्या पानात नोकरी लागलेल्यानं पहिलं तूप वाढायचं. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. आपल्या आजोबांनी ही रीत पाडली असं विश्वनाथराव सांगत, आणि नाही म्हणायला आजोबा हयात नव्हते. विश्वनाथराव म्हणजे देवरावांचे चुलतभाऊ. युनियनचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली आणि त्या तीस वर्षांत अर्ध्या भाऊबंदकीला कुठे ना कुठे चिकटवून दिलं. महालक्ष्म्यांच्या दिवशी त्यांच्या पानासमोर तुपाच्या वाट्या घेऊन रांग लागे. चार वर्षांमागे डॉक्टरांनी त्यांचं तूप बंद केलं. तेव्हापासून ते तूप वाढून घेत, तुपात भिजलेली पोळी शेजारच्याच्या पानात सरकवत, आणि कोरडी मागून घेत. पण वाढून घेत.

रुपरावांनी त्यांना एकोणतीस वर्षं तूप वाढलं. रुपराव हे देवरावांचे थोरले भाऊ, नागपुरात हुडकेश्वरचं हे पंगतीचं घर त्यांनीच बांधलेलं. सूतगिरणीतली टाइमकीपरची नोकरी विश्वनाथरावांनी लावून दिली होती. शेवटच्या वर्षी रुपरावांचा हात थरथरत होता. तूप पानात पडायचं ते विश्वनाथरावांच्या मांडीवर पडलं. विश्वनाथराव म्हणाले, “असू दे रुपराव, तूप तं माझंच आहे.” सगळी पंगत हसली. रुपरावही हसले. त्यांचा मुलगा जितेंद्र मठ्ठ्याचं भांडं घेऊन मागे उभा होता. तो हसला नाही.

सगळ्या घराण्यात तूप न वाढणारा एकच पुरुष होता, देवराव. कारण त्यांची नोकरी कोणा माणसानं लावून दिलीच नव्हती. वाघानं लावून दिली होती.

ती गोष्ट घरातल्या लेकराबाळांना पाठ होती. शहात्तर साल. पेंचच्या बाजूला कालव्याचं काम चाललेलं. साहेबाची जीप काठावर उभी, साहेब पाण्याची खोली मोजायला निघालेला, आणि समोरून पट्टेदार वाघ पाण्यात उतरतो. सगळे पळतात. देवराव, वय वर्षं चोवीस, रस्त्यानं जाता जाता थांबतात. वाघ शांतपणे कालवा ओलांडतो, पलीकडच्या काठावर अंग झटकतो आणि निघून जातो. देवराव साहेबाला म्हणतात, “साहेब, पाणी दोन फूट चार इंच.” साहेब विचारतो, कशावरून. देवराव म्हणतात, “वाघाच्या पोटाचा खालचा पट्टा ओला झाला, त्याच्या वरचा कोरडा राहिला.” साहेब टेप टाकतो. दोन फूट चार इंच. साहेब तिथंच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, नेमणुकीची ऑर्डर लिहून देतो.

अठ्ठेचाळीस वर्षांत वाघ वाढला, कालवा रुंद झाला, साहेब मध्ये दोन वर्षं इंग्रजही होता. पाणी मात्र दोन फूट चार इंचाच्या वर गेलं नाही. गोष्टीत एक तरी आकडा कायम ठेवावा, हे देवरावांचं तत्त्व होतं.

दर वर्षी नैवेद्याच्या आधी देवराव मागच्या अंगणात जाऊन बसत. तिथं वडे तळले जात, आणि पहिला घाणा देवाला दाखवण्याच्या लायकीचा झाला की नाही हे चाखल्याशिवाय कसं कळणार, असा त्यांचा सवाल असे. आज कढईपाशी जितेंद्रची बायको चारुशीला बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि वडेही तसेच करायची, सगळे एका मापाचे.

“काकाजी, एक विचारू?”

“विचार नं.”

“तुमचा वाघ किती पाण्यात होता?”

“दोन फूट चार इंच,” देवराव म्हणाले. सुनेनं आपण होऊन विचारलं म्हणून त्यांना बरं वाटलं.

“त्या वाघानं आमचं घर खाऊन टाकलं,” चारुशीला म्हणाली आणि वडा उलटला.

देवरावांनी हातातला वडा खाली ठेवला नाही, पण पुढचा घासही घेतला नाही.

जितेंद्रची कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते. बापाच्या ओळखीनं लागलेल्या पॅकिंगच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. पहिल्या सोमवारी तो नेहमीसारखा डबा घेऊन निघाला, आणि पुढचे आठ महिने निघतच राहिला. मेट्रोत बसे. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाई, तिथून परत खापरी. दुपारी एखाद्या स्टेशनच्या बाकावर डबा खाई. घरी कोणाला कळू नये म्हणून हा खटाटोप. आणि नागपुरात एकदा मेट्रोत बसल्यावर ओळखीचा माणूस भेटत नाही असं होत नाही. आतापर्यंत नऊ नातेवाइकांनी त्याला पाहिलं होतं. नऊही जणांनी चारुशीलाला फोन केला होता. त्यालाही ते ठाऊक होतं. तरी रोज डबा निघे.

मदत करायला कोणी मागे राहिलं नव्हतं. चारुशीलाच्या भावानं एका गोदामाचा नंबर दिला. मुलगी सोनिका इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिनं बापाची सगळी माहिती मोबाइलवर भरून दिली. विश्वनाथराव तर दर आठवड्याला फोन करत. जितेंद्र प्रत्येकाला ‘पाहतो’ म्हणे. मग कोणाकडेच पाहत नसे.

“कामठी रोडले कोल्ड स्टोरेज आहे,” चारुशीला म्हणाली. “त्याईले स्टोअरसाठी माणूस पाहिजे. याईच्याच कामाचा माणूस. फॉर्म भरून झाला, शेवटचं पान अडलं. मालक जुन्या वळणाचा आहे, त्याले दोन नावं पाहिजेत. दहा वर्षांपासून ओळखणारे, जे म्हणतील का हा माणूस चांगला आहे. नातेवाईक असले तरी चालतील असं खाली लिहिलं आहे. अन् विश्वनाथकाका त्या मालकाले वीस वर्षांपासून ओळखतात.”

“मंग?”

“मंग काय. नावं टाकत नाहीत. दोन रकाने रिकामे ठेवले तं फॉर्म पुढंच सरकत नाही. आज पाच वाजता बंद होते तो.”

“मोठा हट्टी आहे.”

“मी म्हटलं, टाका विश्वनाथकाकाचं नाव. तं म्हणे, बाबाच्या जागी मले उभं करतं काय? मी म्हटलं, एवढंच हाय तं यमुआत्याचं टाका, देवकाकाचं टाका. तं म्हणे,” तिनं झारा कढईच्या काठावर ठेवला, “देवकाकानं कोणाचं नाव टाकलं होतं?”

देवरावांनी हातातला वडा उलटा करून पाहिला.

“मी म्हटलं, अहो, वाघ खोटा आहे. लहान पोट्ट्यालेही माहीत आहे. तं म्हणे, वाघ खोटा असंल. पण काकानं कोणाच्या पानात तूप नाही वाढलं, हे तं खरं आहे नं. म्हणजे असं होऊ शकते. एका माणसाले तं जमलं.”

कढईत वडे फुगत होते. देवराव त्यांच्याकडे पाहत बसले. बेचाळीस वर्षांचा माणूस आपल्या वाघाच्या पाठीवर बसून आठ महिने मेट्रोत फिरतो आहे, ही गोष्ट दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी ती फार रंगवून सांगितली असती.

“काकाजी, तुमची नोकरी कोणी लावून दिली?” चारुशीलानं विचारलं.

“ते लांबलचक आहे.”

“पंगतीत सांगा.”

“खरं?”

“एकदा.”

“प्रयत्न करून पाहतो,” देवराव म्हणाले. “सवय नाही.”

ते आत आले. समोरच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या होत्या, हिरव्या आणि जांभळ्या शालूत, आणि त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर यमुताई बसली होती. देवरावांची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची. यमुताईनं लग्न न करता शिलाई मशीन घेतलं होतं. पारशिवनीत तिनं चाळीस वर्षं बायकांना शिवण शिकवलं, आणि चाळीस वर्षं टाचण्या ओठांत धरल्यामुळे तिची बोलायची सवय गेली, असं लोक म्हणत. ती जांभळ्या शालूच्या निऱ्या पाहत होती. त्या चुकल्या होत्या. कोणाला सांगत नव्हती.

देवराव तिच्यासमोर थांबले.

“बाई.”

यमुताईनं वर पाहिलं.

“आज मी सांगून टाकीन म्हणतो.”

तिनं परत निऱ्यांकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांत या विषयावर दोघांचं झालेलं हे सगळ्यांत मोठं संभाषण होतं.

सव्वातीनला पंगत बसली. सोळा भाज्या, कढी, वडे, आंबील, पुरणाच्या पोळ्या. पहिलं तूप विश्वनाथरावांचं. तीन पुतणे, एक जावई असे चौघे वाट्या घेऊन ओळीनं आले. विश्वनाथराव प्रत्येकाला “बस, बस” म्हणत आणि हात पानाच्या बाजूला ठेवत, आडवा नाही. चौथी धार पडली तेव्हा त्यांच्या पानात पोळी शोधावी लागत होती.

ते जितेंद्रकडे वळले. जितेंद्र त्यांच्या समोरच बसला होता.

“काय मग जितू, त्या कोल्ड स्टोरेजचं काय करून राहिला?”

“पाहून राहिलो काका.”

“पाहाचं काय त्याच्यात. मी एक फोन केला का झालं. तो माणूस माझ्या शब्दाबाहेर नाही. नाव टाक माझं.”

“तुमाले काहून तरास.”

“तरास कसला बाप्पा. आपल्या माणसासाठी नाही कराचं तं कोणासाठी कराचं? तुझ्या बाबासाठी नाही केलं काय?”

चारुशीला पोळ्या वाढत होती, ती जागीच थांबली. सोनिका पाण्याचा जग घेऊन उभी होती, तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार.

“बाबा, सव्वा तास राहिला,” ती म्हणाली.

“जेवू दे वं.”

“तुम्ही एका हातानं जेवा, मी दोन हातांनी भरतो म्हटलं नं.”

“मी माझं पाहून घेईन,” जितेंद्र म्हणाला. आवाज चढवला नाही. त्यानं वांग्याच्या भाजीत पोळी बुडवली आणि ती तिथंच ठेवली. “ज्याचं त्याले पाहता येते. या घरात एकानं तरी पाहिलं आहे.”

सगळ्यांच्या माना देवरावांकडे वळल्या. अशी वेळ आली की देवराव ताट थोडं पुढं सारत, मांडी बदलत आणि म्हणत, “शहात्तर साल.” पंगतीनं तशी तयारीही केली. विश्वनाथरावांनी शेजारच्या पुतण्याकडे तुपाची पोळी सरकवून दिली आणि नीट टेकून बसले.

“वाघ नव्हता,” देवराव म्हणाले.

पंगत थांबली.

“मंग काय होतं? बिबट?” विश्वनाथरावांनी विचारलं.

“काहीच नव्हतं.”

“आबाजी, हे नवीन आहे काय?” सोनिकानं विचारलं.

“जुनंच आहे. सांगितलं नव्हतं.” देवरावांनी मांडी बदलली नाही. त्यांना वाटलं, मांडी बदलली तर वाघ येईल. “इंटरव्यूचा कागद आला होता. सोमवारचा. कालव्याच्या कॅम्पवर. मी गेलो. फाटकापाशी पाहतो तं चाळीस पोट्टे, सगळ्याईच्या अंगात टेरिलीनच्या पँटी. मी पायजम्यात. मी तिथूनच वापस फिरलो.”

कोणीतरी हसलं. सुरुवात बरी होती.

“घरी नाही गेलो. कामठीले एका दोस्ताच्या घरी गेलो, तिथं तीन दिवस त्याचा कापडाचा लूम पाहत बसलो. घरी येऊन सांगितलं का साहेबच आला नव्हता.”

“खोटं पहिल्यापासूनच होतं म्हणजे,” विश्वनाथराव म्हणाले. आता सगळेच हसले.

“यमुबाई साहेबाच्या बायकोचे ब्लाउज शिवत होती. ती गेली त्याईच्या बंगल्यावर. म्हणे, माझ्या भावाले अजून एकदा बोलवा, बाकी काही नको. साहेबानं दुसरी तारीख दिली. बाईनं मले खाकी पँट शिवून दिली अन् म्हणे, आता फाटकापासून वापस आला तं पँट उतरवून घेईन. मी गेलो. साहेबानं पाढे विचारले, गुणाकार दिला, नाव लिहून घेतलं. नोकरी लागली. निघताना साहेब म्हणे, बहिणीले नमस्कार सांग.”

देवराव थांबले. त्यांना वाटलं होतं, हे सांगून झाल्यावर काहीतरी होईल. कोणी तरी पाणी मागेल निदान.

“मग?” सोनिकानं विचारलं.

“मंग काय. घरी येतो तं हा विश्वनाथ ओट्यावर बसला होता. म्हणे, कोणी लावून दिली गा? अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, वाघानं.”

पंगत मोठ्यानं हसली. जावयाला ठसका लागला. विश्वनाथरावांनी मांडीवर हात मारला आणि म्हणाले, “मस्त. गजब. पण देवा, शेवट कच्चा आहे.” एक पुतणा म्हणाला, खाकी पँटीचं चांगलं होतं. दुसरा म्हणाला, पँट उतरवून घ्यायला बहिणीनं फाटकापर्यंत यायला पाहिजे होतं, मग मजा आली असती.

देवराव जितेंद्रकडे पाहत होते. जितेंद्रही हसत होता. खूप दिवसांनी हसत होता, आणि देवरावांना ते अजिबात आवडलं नाही.

“काका,” जितेंद्र म्हणाला, “वाघवालीच बरी होती. याच्यात दम नाही.”

“हे खरं आहे गा.”

“हाव. चारूनं सांगितलं असंल तुमाले सांगाले. मघा मागं बसले होते नं दोघं.” त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. “अन् खरं असतं तं आत्या बोलली असती. अठ्ठेचाळीस वर्षं कोणी चूप बसते काय? अन् या घरात?” त्याची नजर विश्वनाथरावांच्या पानावर गेली, तिथं तुपाचं तळं होतं.

सगळ्यांनी यमुताईकडे पाहिलं. यमुताई जांभळ्या निऱ्यांकडे पाहत होती. तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, पण असाव्यात तशी ती बसली होती.

“पाहा,” जितेंद्र म्हणाला, आणि जेवू लागला.

चार वाजून पाच मिनिटं. चारुशीला पोळ्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि देवरावांकडे पाहत होती, परीक्षेत पेपर कोरा ठेवलेल्या मुलाकडे पाहावं तशी.

देवरावांच्या मनात आलं, खरी गोष्ट ही लंगडी असते. तिला कोणी उभं केलं नाही तर ती बसूनच राहते. साठ वर्षांत त्यांनी सांगितलेली एकही गोष्ट अशी जमिनीवर आपटली नव्हती. आणि आज आपटली ती नेमकी हीच. जी पोचली नाही तर उद्या सकाळी परत डबा निघणार, परत खापरी. त्यांना राहवलं नाही. त्यांनी ताट पुढं सारलं आणि मांडी बदलली.

“तुमाले पुरतं सांगितलंच कुठं,” ते म्हणाले. “कॅम्प किती दूर होता, माहीत आहे काय? नऊ मैल. अन् यमुबाई कशी गेली? पायी. वैशाखाचं ऊन. रस्त्यावर डांबर वितळून राहिलं. पायात चप्पल नाही. डोक्यावर कपड्याचं गाठोडं, त्याच्यात सहा ब्लाउज. पायाले फोड आले, फोड फुटले, मागं रस्त्यानं पावलं उमटत गेली. लोक म्हणत, कोणाची पालखी गेली काय इथून. अन् कालव्याच्या पुलावर येते अन् पाहते, तं समोर…”

“खोटं,” यमुताई म्हणाली.

तिचा आवाज इतक्या दिवसांनी आला की दोन जणांनी आधी महालक्ष्म्यांकडे पाहिलं.

“खोटं बोलून राहिला हा,” यमुताई म्हणाली. “चप्पल होती. नवी होती. अन् वैशाख कुठला? पोळा होऊन गेला होता, चिखल होता. नऊ मैल पायी जाले मी काय याच्यासारखी येडी आहो? सायकलनं गेली होती मी. गाठोडं कॅरिअरले बांधलं होतं. अन् सहा नाही, पाच ब्लाउज होते. सहाव्याचे काज राहिले होते, ते मी तिथं बसून केले, तेवढ्यात साहेब जेवाले घरी आला. म्हणून भेट झाली.” ती जरा थांबली. “पँट मात्र खाकी होती. ते बरोबर सांगितलं त्यानं.”

कोणी हसलं नाही. यमुताईनं आयुष्यात कोणाला गोष्ट सांगितली नव्हती; तिला ती सांगता येते की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हतं. काजांची गोष्ट कोणी रचून सांगत नाही, एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं.

जितेंद्रचा हात पानात होता तसाच राहिला.

“सायकल कोणाची होती, आत्या?”

“विश्वनाथची.”

“माझी?” विश्वनाथराव म्हणाले.

“तुझीच. दळणाले जातो म्हणून मागितली होती.”

विश्वनाथराव आठवू लागले. आठवताना त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग दुखावला. “ती पंक्चर होऊन आली होती,” ते म्हणाले. “मी चक्कीवाल्याशी दोन वर्षं बोललो नाही.”

“साहेबाच्या फाटकाजवळ बाभूळ होती,” यमुताई म्हणाली.

जितेंद्रनं देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी आंबिलीच्या वाटीत पाहिलं. त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. वाघ गेला होता, पाण्यासकट.

“तू काहून नाही सांगितलं आत्या?” जितेंद्रनं विचारलं. “तूप तं तुझं होतं. एवढी वर्षं.”

“मले तूप आवडत नाही,” यमुताई म्हणाली.

 जितेंद्रच्या बोटांना पुरण लागलं होतं, ते त्यानं पानाच्या काठाला पुसलं, परत पुसलं. त्याच्या कपाळावरची एक आठी, जी रुपरावांच्याही कपाळावर नेमकी तिथंच असे, हळूहळू सैल झाली. देवरावांना ती दिसली, कारण त्या पंगतीत तेवढीच एक गोष्ट त्यांना पाहवत होती.

“सोनिका,” तो म्हणाला, “मोबाइल आण वं. माझे हात भरले आहेत. यमुना लांजेवार लिही. पारशिवनी.”

सोनिकानं जग खाली ठेवला. चारुशीला दारातून हलली नाही, परात तिच्या हातात एका बाजूला कलंडली आणि वरची पोळी सरकली, ती तिनं पडू दिली.

“किती वर्षांपासून ओळखता, असं विचारलंय.”

“बेचाळीस.”

“झालं. अजून एक नाव पाहिजे बाबा. पाऊण तासच आहे.”

जितेंद्रनं समोर पाहिलं. विश्वनाथराव ताठ बसले होते. चेहऱ्यावरचा दुखावलेपणा गेला होता, तिथं हळूहळू काहीतरी दुसरं चढत होतं. देवराव ते ओळखत होते; वाघ पहिल्यांदा पाण्यात उतरला त्या दिवशी त्यांच्याही चेहऱ्यावर हेच असणार.

“आता सगळं आठवलं मले,” विश्वनाथराव म्हणाले. “मले अंदाज होताच. यमुबाई सायकल मागाले आली तेव्हा मीच म्हटलं, दळणाचं राहू दे, आधी साहेबाकडे जाऊन ये, आपल्या देवाचं काम झालं पाहिजे. हवा भरून दिली मी. फाटकापर्यंत सोडाले गेलो.”

“खोटं बोलून राहिले, काका,” जितेंद्र म्हणाला. “तुमचा नंबर सांगा.”